दुसऱ्या भागातला बगळा

आमचं घर हॉर्नच्या दुकानामागं होतं. उमरग्याच्या बाहेर, हैदराबाद रस्त्याला लागून पत्र्याचं शेड, त्यात अण्णांचं दुकान, आणि शेडच्या मागच्या भिंतीला चिकटून आमच्या दोन खोल्या. अण्णा म्हणजे माझे वडील. ते ट्रकांना हॉर्न बसवायचे आणि बिघडलेले दुरुस्त करायचे. लांबलचक पितळी भोंगे, गाणं वाजवणारे हॉर्न, गाडी मागं घेताना केकाटणारे हॉर्न, सगळं. आंध्रातले, कर्नाटकातले, पार पंजाबातले ड्रायव्हर यायचे आणि प्रत्येकाला आपला आवाज दुसऱ्यापेक्षा वेगळा पाहिजे असायचा. हॉर्न बसवला की तो वाजवून दाखवावा लागतो, आणि ड्रायव्हरचं समाधान एकदा वाजवून कधीच होत नाही. त्यामुळं सकाळच्या चहापासून दिवेलागणीपर्यंत आमच्याकडं काही ना काही वाजत असायचं. नवीन पाहुणा आला की पहिल्याच भोंग्याला त्याच्या हातातला चहा सांडायचा, आणि आम्ही भावंडं तोंडावर हात ठेवून हसायचो. आम्हाला स्वतःला त्या आवाजाचं काही वाटत नव्हतं.

असल्या घरात तोंडानं बोलण्यात अर्थ नसतो. वाक्य अर्ध्यावर आलं की भोंगा वाजणार, मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. म्हणून आमच्याकडं हात बोलायचे. हे कुणी बसून ठरवलं नव्हतं, होत गेलं. मूठ वळवली की पाना. दोन बोटं ओठाला लावली की चहा. तळहातावर तळहात म्हणजे भाकरी झाली, या. गिऱ्हाईक चिकट निघालं तर आई दारातून नाक चोळायची आणि अण्णांना हसू दाबायला खाली वाकावं लागायचं. स्वयंपाकघरातली हाक दुकानात पोचायची नाही, म्हणून आईनं भिंतीच्या भोकातून एक दोरी ओवून घेतली होती. तिनं इकडून हिसका दिला की दुकानात टांगलेलं लाल फडकं हलायचं, आणि फडकं हललं की आमच्यातलं कुणीतरी उठून आत जायचं. मला वाटायचं, सगळ्यांच्या घरी असंच असतं. एकदा वर्गातल्या मैत्रिणीकडं गेले, तर तिची आई आतून मोठ्यानं हाका मारत होती. मला ती बाई भांडकुदळ वाटली.

त्या फडक्याच्या आणि हातवाऱ्यांच्या आडून माझं ऐकणं हळूहळू निघून गेलं, आणि आमच्या घरात कुणाला पत्ता लागला नाही. मलाही नाही. आज मी तिशी ओलांडली आहे, सरकारी कचेरीत संगणकासमोर बसते, आणि कानातलं मशीन काढलं तर माझ्या मागं ट्रक उभा राहून वाजला तरी मला फक्त पायाखाली कळतं. हे प्रकरण लिहिताना माणसं बोलताहेत खरी, पण त्यातले बरेचसे आवाज मी माझ्याच आठवणीतून त्यांना लावले आहेत. अण्णांचा आवाज थोडा घोगरा होता, आईचा बारीक. तेवढं मला नक्की आठवतं.

कोणता आवाज कधी गेला, हे सांगता येत नाही. याचाच मला अजून राग येतो. एखादी वस्तू हरवली तर निदान शोधता तरी येते. आई येसराची आमटी करायची. येसर म्हणजे भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं पीठ, ते पाण्यात कालवून लसणाच्या फोडणीवर ओतलं की चर्र असा मोठा आवाज होऊन वास थेट रस्त्यावर जायचा. ड्रायव्हर पाना खाली ठेवून विचारायचे, भाभी, क्या पका रही हो? तो चर्र मला लहानपणी ऐकू यायचा. नंतर कधीतरी फक्त वास यायला लागला. पण वास आला, वाफ दिसली, की मनातल्या मनात तो आवाज मीच पुरा करायची, आणि आपण ऐकलं असं मला वाटायचं. भाकरी थापण्याचं तसंच झालं. आईचे हात हलताना दिसायचे ना, मग झालं.

शाळेत मी पहिल्या बाकावर बसायची कारण उंचीनं कमी होते. बाईंच्या तोंडाकडं बघून आणि फळा उतरवून माझं भागायचं. पण एकदा बाईंनी अण्णांना बोलावून घेतलं आणि तक्रार केली की मुलगी हुशार आहे पण घमेंडी आहे, मागून कितीही हाक मारा, वळून बघत नाही. अण्णा हसले. म्हणाले, "मॅडम, आमच्यात हाक मारायची पद्धतच न्हाई. तिच्या खांद्याला हात लावा, बघंल." बाईंना ते पटलं. त्या दिवसापासून त्या माझ्या खांद्याला हात लावायला लागल्या आणि तक्रार संपली. विहारात वंदना म्हणतानाही मी सगळ्यांच्या आधी शेवटाला पोचायची. शेजारच्या काकू मला चिमटा काढायच्या आणि डोळ्यांनी दटावायच्या, काय घाई झाली तुला? मला खरंच वाटायचं की बाकीचे रेंगाळतात.

आईचा धाकटा भाऊ, आमचा मामा, हैदराबादला नोकरीला होता. तो आला की घरात अत्तराचा वास आणि खारी बिस्किटं यायची. एका खेपेला तो आमच्यासाठी तिथल्या जुन्या बाजारातून हातात धरून खेळायचा गेम घेऊन आला. वहीसारखा मिटणारा, वर-खाली दोन पडदे, कडा खरचटलेल्या. आत एक छोटी पट्टी बसवलेली होती, तिच्यात तो खेळ. त्यावरची अक्षरं जपानी आहेत असं मामा म्हणाला. चिनी म्हणाला असता तरी आमचं काही बिघडलं नसतं, कारण सूचना वाचायचा प्रश्नच नव्हता. खेळात एक लठ्ठ बाई पाटावर बसलेली असायची आणि वरून कांदे, मुळे, भोपळे घरंगळत यायचे. ते पांढऱ्या रेघेवर आले की नेमकं तेव्हाच बटण दाबायचं, मग सुरी पडून दोन तुकडे. एखादं जलद, एखादं सावकाश, दोन लागोपाठ, मग खंड. मागं ढोलकीसारखं काहीतरी वाजत असायचं, असं राहुल सांगतो.

राहुल माझा धाकटा भाऊ. तो त्या ढोलकीच्या नादी लागून मान डोलवायचा आणि मुळा निसटून जायचा. माझी नजर मात्र रेघेवरून हलायची नाही. आठ-पंधरा दिवसांत मी त्या खेळात अशी काही तयार झाले की हॉर्नचं काम होईपर्यंत ड्रायव्हर माझ्याभोवती गोळा व्हायचे. झहीराबादचा एक चाचा तर उतरल्या उतरल्या विचारायचा, कहाँ है वो भोपळेवाली? मग राहुलनं एक नवीन शक्कल काढली. तो आवाजाची कळ पार खाली करायचा आणि जमलेल्यांना सांगायचा, आता बघा, ताई आवाज बंद करून खेळंल. मी खेळायची, एकही भाजी सोडायची नाही. लोक टाळ्या वाजवायचे. दुसऱ्यांना हे अवघड का वाटतं, हे मला कळत नव्हतं, पण टाळ्या आवडत होत्या. मामा म्हणायचा, "ताल अंगातच हाय पोरीच्या." अण्णा हातातला पाना स्वतःकडं करून म्हणायचे, "आवाजवाल्याची पोरगी हाय शेवटी." ते किती खुशीत असायचे! त्यांचा तो चेहरा आठवला की आजही मला तिथं जाऊन त्यांचा हात धरावासा वाटतो.

बुद्धपौर्णिमेला मामा पुन्हा आला. आईनं खीर केली होती, विहारातून आम्ही पांढऱ्या कपड्यांतच घरी आलो होतो, आणि सणाचा दिवस म्हणून दुकान अर्धंच उघडं होतं. मामानं खिशातून नखाएवढी नवी पट्टी काढून माझ्या हातावर ठेवली. "दुसरा भाग," तो म्हणाला. "पयल्यातलं आता तुला काय राहिलं न्हाई. हे लई अवघड हाय म्हनं." सगळे खिरीच्या वाट्या घेऊन दुकानातच बसले. माझा दुसरा भाग बघायचा म्हणून आईसुद्धा हात पुसत आली.

पडद्यावर एक काळं तळं उघडलं. काठाला एका पायावर उभा असलेला पांढरा बगळा. बाकी काही नाही. रेघ नाही, भोपळे नाहीत, वरून काही येत नाही, बाजूनं काही येत नाही. मी वाट बघत बसले. बगळाही वाट बघत होता. मग एकाएकी तो तोल जाऊन पाण्यात पडला आणि काठावरचे बेडूक पोट धरून हसायला लागले. मी पुन्हा सुरू केलं. पुन्हा काळं पाणी, पुन्हा बगळा पाण्यात. मी अंदाजानं बटण दाबलं, लवकर दाबलं, उशिरा दाबलं, दाबतच राहिले. बेडूक हसतच राहिले. राहुलनं माझ्या हातातून ते घेतलं, थोडं खेळला, आणि बगळ्यानं पटापट मासे उचलले.

"ताई, सोपं हाय की," तो म्हणाला. "पान्यात मासा टुप टुप टुप करतो, आन् चौथ्याला चोच मारायची. काय सुदिक बघायचं न्हाई, डोळं झाकून बी येतंय."

मी ते कानाला लावलं. काही नाही. आवाजाची कळ पार वर सरकवली, तशी आईनं कपाळाला आठ्या घातल्या. पुन्हा कानाला लावलं. काही नाही. मी म्हणाले, हे खराब आहे, यात आवाजच नाही. मामा हसला. "न्हाई कसा? मला हितं बसून ऐकू यायलाय." राहुल म्हणाला, मलाबी. माझा असा संताप झाला! पांढऱ्या कपड्यांतल्या सणाच्या दिवशी सगळे मिळून माझी चेष्टा करतात असं मला वाटलं. पहिल्या भागात मी भारी ठरले म्हणून राहुलनं मामाला हाताशी धरलं असणार, असंही मनात येऊन गेलं. मी रडकुंडीला येऊन अण्णांकडं बघितलं. अण्णांनी वाटी खाली ठेवली. मूठ वळवली, म्हणजे पाना. मग स्वतःच मान हलवून बोटं बारीक केली, म्हणजे छोटा स्क्रू ड्रायव्हर.

अण्णांचा स्वभाव असा, की आवाजाची तक्रार आली की ते कुणाचं तोंड बघत बसायचे नाहीत, वस्तू उघडायचे. त्यांनी मागचं झाकण काढलं, आतला बोटाच्या पेराएवढा स्पीकर मोकळा केला. हॉर्नचा पडदा तपासायचा तर ते त्यावर चिमूटभर रवा टाकून बघायचे, रवा नाचला की पडदा चांगला. इथं रवा टाकला तर आत जाईल, म्हणून त्यांनी वर्तमानपत्राचा एक कपटा फाडून त्यावर ठेवला आणि मला सुरू करायला सांगितलं.

कपटा नाचला. मी डोळे ताणून बघत होते. तीन छोट्या उड्या, मग थांबला. पुन्हा तीन उड्या, पुन्हा थांबला. हे तर सोपं होतं! मी कपट्यावर नजर ठेवली, तीन उड्या झाल्या की बटण दाबलं, आणि बगळ्यानं मासा उचलला. पुढचाही उचलला. मग कपटा जोरात नाचायला लागला, तसा मीही जोरात बटण दाबलं. तळ्यातला एक मासा मी सोडला नाही. आनंदानं ओरडले, "आता झालं बघा नीट! अण्णांनी दुरुस्त केलं!"

अण्णांनी हात पुढं करून तो कपटा उचलून घेतला. मला म्हणाले, आता खेळ. मी खेळले. बगळा पाण्यात पडला. त्यांनी कपटा ठेवला. मासा मिळाला. त्यांनी कपटा उचलला. बगळा पडला. त्यांनी काहीच दुरुस्त केलं नव्हतं. स्पीकर पहिल्यापासून चांगला होता. हे मला तेव्हा कळलं नाही, पण त्यांना कळलं होतं. ते माझ्याकडं असं बघत होते, की मी कुणी अनोळखी मुलगी आहे आणि त्यांच्या दुकानात चुकून येऊन बसली आहे.

मग त्यांनी मला बाकड्यावरून उठवलं. बाकडं लोखंडी होतं, आवाजानं थरथरायचं. जमिनीवर गोणपाट अंथरून त्यावर उभं केलं आणि भिंतीकडं तोंड करायला सांगितलं. "मागं काय वाजायलंय ते सांग," ते म्हणाले. ते सांगताना त्यांनी माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडं वळवलं होतं. हे सगळं एका खेळाचंच पुढचं काहीतरी आहे असं मला वाटत होतं. भिंतीवर जुनं कॅलेंडर होतं. मी त्यावरचे आकडे वाचत उभी राहिले. काही वाजेना. मी वाट बघितली. पुन्हा आकडे वाचले. खीर गार होत होती. मग मला कंटाळा आला.

"वाजवा की अण्णा," मी भिंतीकडं तोंड करूनच म्हणाले. "किती येळ हुबी राहू?"

उत्तर आलं नाही म्हणून मी वळले. अण्णांच्या हातात स्कूटरचा बारका हॉर्न होता, त्याच्या दोन्ही वायरी बॅटरीला लावलेल्या. त्यांच्या पायाशी रिक्षाचा हॉर्न होता, जीपचा होता, बरेच होते, सगळे तारा सोडवून ठेवलेले. ते एकेक करून वाजवून झाले होते. मामानं मोठा पितळी भोंगा हातात धरला होता आणि त्याचं तोंड खाली केलं होतं. आईनं पदर तोंडात धरला होता. राहुल रडत होता. आणि रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवरची माणसं उठून उभी राहून आमच्याकडं बघत होती.

त्यानंतरचे दिवस मला नीट आठवत नाहीत. घरात सगळे हळू हलायला लागले होते एवढं आठवतं. अण्णा आणि आई मला सोलापूरला कानाच्या डॉक्टरांकडं घेऊन गेले. तिथं एका छोट्या बंद खोलीत मला खुर्चीवर बसवलं, कानावर जाड चकत्या लावल्या आणि हातात बटण दिलं. काचेपलीकडच्या मुलीनं खाणाखुणा करून सांगितलं, आवाज आला की दाबायचं. मला धीर आला. बटण दाबणं मला येत होतं. मी तिच्याकडं बघत राहिले. ती यंत्रावरची कळ दाबायची तेव्हा तिचा खांदा किंचित वर यायचा आणि बांगडी मनगटावर सरकायची. खांदा वर आला की मी बटण दाबायची. पहिल्या भागातल्यासारखंच होतं हे. ती मुलगी खुश झाली, काचेतून आईकडं बघून हसली, आईनं हात जोडले. आई हसलेली बघून मी आणखी मन लावून दाबायला लागले. मग त्या मुलीच्या मनात काहीतरी आलं असावं. तिनं कळ न दाबता नुसताच खांदा हलवला. मी बटण दाबलं.

तिनं आत येऊन माझी खुर्ची भिंतीकडं फिरवली. समोर पांढरी भिंत होती. मी बटण हातात धरून बसले आणि मला तो बगळा आठवला. आता आवाज येत असणार, आता येत असणार, आणि आपल्याला कळत नाही, हे मला त्या खुर्चीत पहिल्यांदा समजलं. मला इतकी भीती आयुष्यात पुन्हा कधी वाटली नाही. मी अंदाजानंसुद्धा बटण दाबलं नाही.

डॉक्टरांच्या मिशा मोठ्या होत्या, त्यामुळं ते काय बोलले ते मला तेव्हा दिसलं नाही. पुढं आईनं सांगितलं. कानाच्या आतली नस वाळत चालली आहे. गेलेलं परत येणार नाही, आणि उरलेलंही जात राहील. मशीननं थोडी मदत होईल. कशामुळं झालं हे खात्रीनं सांगता येत नाही, जन्मतःही असू शकतं, लहानपणच्या तापानंही होतं, फार मोठ्या आवाजात राहिल्यानंही होतं. मला वाटतं, अण्णांनी त्यातलं शेवटचं तेवढंच ऐकलं.

दुपारी आम्ही सोलापूरच्या स्टँडवर उमरग्याच्या गाडीची वाट बघत बसलो होतो. मी मध्ये, एका बाजूला आई, एका बाजूला अण्णा. गर्दी होती, ऊन होतं, समोर रसाच्या गाड्यावर उसाची मोळी उभी केलेली होती. अण्णा एकदम वाकले, माझ्या कानाला तोंड लावलं आणि काहीतरी बोलले. जोरात बोलले असणार, कारण समोरच्या बाकावरच्या बाईनं वळून बघितलं. मला त्यांचा श्वास गरम लागला, दाढीचे खुंट टोचले, तंबाखूचा वास आला. पण तोंड कानापाशी असल्यामुळं त्यांचे ओठ मला दिसत नव्हते. सगळ्या दुनियेत नेमक्या ज्या जागेवरून मला काही कळणार नव्हतं, तिथून ते बोलले होते.

मी मान हलवली आणि हसले. ती सवय मला आधीपासूनच लागली होती. समोरच्याचं कळलं नाही की मान हलवायची, थोडं हसायचं, म्हणजे माणूस पुन्हा पुन्हा विचारत नाही आणि त्याला वाईटही वाटत नाही. शाळेत, विहारात, गिऱ्हाइकांशी, सगळीकडं ते चालून जायचं. अण्णा मागं सरले आणि गाड्यांची पाटी बघायला लागले. आईनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि तोंड फिरवलं. मला वाटलं, रस पिणार का असं विचारलं असेल. रस आला नाही तेव्हा वाटलं, बिचारे एवढ्या गडबडीत विसरले असतील.

उमरग्याला आल्यावर अण्णांनी दुकानात मला पाऊल टाकू दिलं नाही. हॉर्न वाजवून बघायचा असेल तर ते ट्रक चालू करायला लावून रस्त्यापलीकडं, पार बाभळीच्या झाडापर्यंत न्यायला लावायचे आणि तिथं वाजवायचे. ड्रायव्हर वैतागायचे. काहीजण दुसरीकडं जायला लागले. पावसात, उन्हात, गुडघे दुखायला लागल्यावरही ते प्रत्येक गाडीमागं चालत तिकडं जायचे. डॉक्टरांनीच तसं सांगितलं असेल असं मी आणि राहुल धरून चाललो. घर एकदम शांत झालं म्हणे. मला त्या शांततेचा काय उपयोग होता?

आई आणि राहुल आता तोंडानं बोलायला लागले आणि हात फक्त माझ्यासाठी ठेवले. आधी जे सगळ्यांचं होतं ते एकट्या माझं झालं, आणि मला त्याची लाज वाटायला लागली. राहुलनं त्यातल्या त्यात प्रयत्न केला. मी तो दुसरा भाग घेऊन बसले की तो माझ्या पाठीमागं बसून बोटानं पाठीवर टुप टुप टुप वाजवायचा. पहिलं तळं आम्ही तसं पार केलं. पुढच्या तळ्यात मासे जलद झाले आणि त्याचं बोट मागं पडायला लागलं. तो कावराबावरा होऊन चुकायचा, मी त्याच्यावर ओरडायची, आणि तो बिचारा पुन्हा बोट सावरून बसायचा. एक दिवस त्यानं ते मिटून माळ्यावर टाकलं. मीही मागितलं नाही.

अण्णा माझ्यापासून लांब गेले. त्यांनी माझं काही कमी केलं नाही, उलट जास्तच केलं. मशीनचे सेल संपायच्या आत आणून ठेवायचे, कॉलेजला सोडायला यायचे, नोकरी लागली तेव्हा साऱ्या उमरग्यात पेढे वाटले. पण माझ्या डोळ्यांत बघून बोलायचे नाहीत, आणि डोळ्यांत बघून बोललं नाही तर मला काही कळायचं नाही. मी समजले, बहिरी मुलगी म्हणजे त्यांना कमीपणा वाटतो. आवाजावर पोट भरणारा माणूस, त्याला कसं आवडणार? मी मनात अढी धरली आणि तशीच मोठी झाले. मागच्या हिवाळ्यात ते गेले. त्यांच्या छातीत कळ आली तेव्हा ते बाभळीखालीच होते.

वर्ष सरायच्या आत एका संध्याकाळी आई चुलीपुढं बसून येसरासाठी गहू भाजत होती आणि मी शेजारी मिरच्यांची देठं काढत होते. आईनं माझ्या गुडघ्याला हात लावला. मी तिच्या तोंडाकडं बघितलं.

"एक इचारू का?" ती म्हणाली. "तू त्या दिशी तेंना व्हय म्हनलीस, ते जिवाला लागलं गं त्यांच्या. मी काय म्हनले न्हाई तुला कवा. पर तसं म्हनाया नको व्हतं."

"कधी? कशाला?"

"सोलापूरला, स्टँडावर. तेंनी तुज्या कानात इचारलं न्हवं का, माज्यामुळं झालं का गं बाई हे? आन् तू हसून व्हय म्हनलीस."

मी तिला पुन्हा बोलायला लावलं. तिनं पुन्हा सांगितलं, सावकाश, एकेक शब्द ओठांवर मोठा करून. मला पहिल्या वेळीच कळलं होतं. मी म्हणाले, आई, मला ऐकूच आलं नव्हतं. त्यांचं तोंड दिसत नव्हतं मला. काही कळलं नाही की मी मान हलवते, आणि हसते. लहानपणापासून करते. सगळ्यांशीच करते. हे बोलताना माझा आवाज किती मोठा झाला होता कोण जाणे, दारातून राहुल धावत आला.

आईच्या हातातला उलथना थांबला. गहू करपायला लागले तरी तिनं खाली बघितलं नाही.

"आमच्याशी बी?" तिनं विचारलं.

मी मान हलवली. आणि ही मान खरी की तसलीच, ते कळेना म्हणून आई माझ्या तोंडाकडं बघत राहिली.